स्वतःच्या नावाने पहिला अल्बम काढतोय: सॅक्सोफोन, सोल आणि अफ्रोबीट. नागपूरकरांनो, बोला

टेनॉरवाला_नागपूर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी सॅक्सोफोन वाजवतो. सुरुवात मामाच्या बँडपार्टीत, इतवारी-महालच्या वरातींमधून. पुढे गणपतीचे आणि कोजागिरीचे ऑर्केस्ट्रा, मग स्टुडिओ. जाहिराती, भक्तिगीतं, लग्नाच्या व्हिडिओंची गाणी, कुणाच्या तरी अल्बममधलं एखादं इंटरल्यूड. दोन कडव्यांच्या मधली आठ बारची जागा भरायची, पाकीट घ्यायचं आणि निघायचं. त्या कामाचा मला अभिमान आहे. पण आता स्वतःच्या नावाने अल्बम काढून राहिलो आहे. रचना माझ्या. जॅझ आणि सोल तर आहेच, पण सगळ्याचा पाया अफ्रोबीट, म्हणजे नायजेरियाच्या फेला कुटीने घडवलेलं संगीत.

"काऊन बाप्पा अफ्रोबीट? सुखानं जुनी हिंदी गाणी वाजव ना" असं घरापासून टपरीपर्यंत सगळे म्हणतात. म्हणून सविस्तर लिहितो.

सेशनवाल्याला स्वतःचा अल्बम मिळाला की तो आता मोकाट सुटणार, लांब लांब सोलो वाजवणार, असं लोकांना वाटतं. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. इतकी वर्षं दुसऱ्याच्या गाण्यात वाजवून मी एकच गोष्ट नीट शिकलो: जागा ओळखणं. कुठं वाजवायचं, किती वाजवायचं, गायक श्वास घेतो तिथं काय ठेवायचं. आणि ही शिस्त ज्या संगीताचा कणा आहे ते म्हणजे अफ्रोबीट.

फेला कुटी १९५८ मध्ये लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजात ट्रम्पेट शिकायला गेला. जॅझ आणि पश्चिम आफ्रिकेतलं हायलाइफ यांची सांगड घालत कूला लोबिटोस नावाचा बँड चालवला. १९६९ मध्ये अमेरिकेत राहून आला आणि त्यानंतर त्याचं संगीत पालटलं. १९७३ मध्ये त्याचा टेनॉर वाजवणारा इगो चिको बँड सोडून गेला, तर फेलाने स्वतःच टेनॉर सॅक्सोफोन हातात घेतला. त्याच्या रेकॉर्ड ऐका. एका बाजूला बहुतेक वेळा एकच गाणं. गाणं म्हणजे शब्द सुरू व्हायलाच कित्येक मिनिटं जातात. तोपर्यंत बेस आणि गिटार एकच ओळ धरून बसतात. तबल्याच्या सोलोला हार्मोनियमवर लेहरा धरतात ना, तसं. ती ओळ हलत नाही म्हणून तर वरचे सगळे बोलू शकतात. हॉर्न सेक्शन येतो, दोन-चार स्वरांचं वाक्य टाकतो, थांबतो. पुन्हा तेच वाक्य. या पुनरावृत्तीतच जोर आहे.

सेशनवाल्यांचे पहिले अल्बम मी मुद्दाम शोधून ऐकले. ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनिअरचा १९७१ चा 'इनर सिटी ब्लूज' खरं तर हँक क्रॉफर्डसाठी ठरलेला होता. क्रॉफर्ड येऊ शकला नाही, बोलावलेल्या साथीदाराला पुढं उभं केलं, आणि तो अल्बम त्याच्या नावाने निघाला. सॅक्सोफोनवाला मायकेल ब्रेकर शेकडो रेकॉर्डवर वाजला. भावासोबत बँड होता, पण एकट्याच्या नावाने पहिला अल्बम आला १९८७ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी. साथीला चार्ली हेडन, जॅक डीजॉनेट, पॅट मेथिनी. तो अल्बम ऐकताना जाणवतं, हा माणूस इतकी वर्षं ऐकत होता.

तुमच्याकडून तीन गोष्टींवर मत हवं. गायक घ्यावा की पूर्ण वाद्यसंगीत ठेवावं? ताल ड्रमसेटवरच की तबला-ढोलकीही? आणि दहा-बारा मिनिटांचे तुकडे आज कोण ऐकेल?

महालचा_ठेका

भाऊ, पहिले अभिनंदन. मी तबला शिकलो आणि पोट ड्रमवर भरतो, म्हणून तालाचं मी सांगतो.

तबला घ्यायचा तर घे, पण त्याच्या आधी एक सवय मोडावी लागेल. आपण सगळे समेची माणसं आहोत. तुकडा कितीही फिरवला तरी समेवर येऊन पडायचं, मग श्रोता मान हलवतो, वाहवा म्हणतो. फेलाचा ड्रमर टोनी ॲलन, त्याचं वाजवणं ऐक. बेस ड्रम पहिल्या मात्रेवर येईलच असं नाही. तुला वाटतं आता पडणार, तर तो तिथं हाय-हॅट (पायाने चालणारी झांजांची जोडी) उघडतो आणि ठोका पुढं सरकवतो. स्नेअरवर इतके बारीक, दबके ठोके की नुसते अंगात जाणवतात. चार हातपाय चार वेगळ्या गोष्टी बोलतात, पण आवाज कुणाचाच चढत नाही. तो स्वतः शिकलेला माणूस. आर्ट ब्लेकी आणि मॅक्स रोचच्या रेकॉर्ड ऐकून घडला. हाय-हॅट कसा वापरायचा ते मॅक्स रोचच्या एका मासिकातल्या लेखातून समजलं, असं त्याने सांगितलेलं आहे.

आता आपल्याकडे काय होतं ते पाहा. ड्रमरला अफ्रोबीट वाजव म्हटलं की तो केरवा धरतो, वर शेकर हलवतो आणि जोरात वाजवतो. तो केरवाच राहतो. केरव्यात वाईट काही नाही, मी आयुष्यभर वाजवला आहे, पण त्यात जोर जिथं पडतो तिथं अफ्रोबीटमध्ये पोकळी असते. तुझा सॅक्स ज्या जागा शोधून राहिला आहे त्या जागा ड्रमरने ठेवल्याच नाहीत तर तू कुठं वाजवणार?

म्हणून तालीम अशी कर. आधी फक्त बेस, गिटार आणि लाकडी काड्या. ड्रमर नुसता ऐकत बसू दे. ती ओळ त्याच्या अंगात बसली की मग तो वाजवायला लागू दे. तबला शेवटी आण, आणि ठेका म्हणून आणू नको. काँगाच्या जागी बसव. बायाँ (डग्गा) मोकळा, चाट (तबल्याच्या काठावरचा बोल) कमी.

बाकी टोनी ॲलनही आधी साथीदारच होता, हे विसरू नको. त्याचा स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम १९७५ चा, आणि त्यातही तो पुढं पुढं करत नाही. तुझं म्हणणं बरोबर आहे त्याचा तोच पुरावा.

धरमपेठ_रेकॉर्ड्स

धागा वाचून आनंद झाला. मी वाजवत नाही, पण जुन्या रेकॉर्ड जमवते आणि ऐकते, तेव्हा ऐकणाऱ्याच्या बाजूने लिहिते.

सोलचा भाग तुम्ही दोन शब्दांत उरकला, तो उरकू नका. तुमच्यासारख्यांचा खरा गुरू किंग कर्टिस. न्यूयॉर्कच्या स्टुडिओंमधला सेशनवाला. ॲरिथा फ्रँकलिनच्या १९६७ च्या 'रिस्पेक्ट'मधला टेनॉर त्याचा. किती छोटा तुकडा आहे तो! पण तो काढला तर गाणं मध्येच बसतं. त्याच्या आवाजात जी खरखर आहे ती फुंकताना घशातून गुणगुणल्याने येते. तुम्हाला हे माहीत असणारच. माझी विनंती एवढीच की ती खरखर प्रत्येक ओळीत नको. लग्नाच्या बँडमध्ये गर्दीवर मात करायला ती सतत वापरली जाते आणि कान मरतात.

आफ्रिका आणि सोल यांची भेट फेलाच्याही आधी झालेली आहे. नायजेरियाचा सॅक्सोफोनवादक ऑर्लँडो ज्युलियस, त्याचा 'सुपर ॲफ्रो सोल' १९६६ चा. आणि कॅमेरूनचा मनू दिबांगो. तो फ्रान्समध्ये दुसऱ्या गायकांच्या बँडमध्ये वाजवायचा. १९७२ मध्ये त्याच्या देशात आफ्रिकी देशांची फुटबॉल स्पर्धा होती. त्यासाठी रेकॉर्ड काढली, एका बाजूला स्पर्धेचं गीत आणि दुसऱ्या बाजूला 'सोल मकोसा'. स्पर्धेचं गीत आज कुणाला आठवत नाही. मागची बाजू न्यूयॉर्कच्या नाचाच्या पार्ट्यांमध्ये पोचली आणि जगभर गेली. त्यातला शब्दांचा खेळ पुढे मायकेल जॅक्सनच्या गाण्यातही आला. सॅक्सोफोनवाल्याच्या अल्बममध्ये आवाज हवा का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथं दिसतं. दिबांगो गात नाही, तो जवळजवळ बोलतो. मानवी आवाज आहे, पण तो गायकाची जागा घेत नाही, सॅक्स पुढंच राहतो.

आणि आपल्याकडचे मनोहारी सिंग. १९३१ साली कोलकात्यात जन्मलेले, पुढे मुंबईत राहुलदेव बर्मन यांचे मुख्य अरेंजर झालेले. त्यांचा सॅक्स ऐकलेला नाही असं मराठी घर सापडणार नाही. नाव मात्र किती घरांना माहीत आहे? तुमच्या अल्बमच्या पाठीवर प्रत्येक वाजवणाऱ्याचं नाव आणि वाद्य छापा. ऑनलाइन टाकताना तर हमखास भरा.

सावनेर_फास्ट

चाल चांगली असेल तर ऐकतील. पण दहा मिनिटं? आजकाल ॲपवर तीस सेकंद वाजलं की एक प्ले मोजला जातो, म्हणून लोक पहिल्या पाच सेकंदांत हुक टाकतात. दादा, तीन-साडेतीन मिनिटांची आवृत्ती ठेवाच.

टेनॉरवाला_नागपूर

@महालचा_ठेका, समेचं जे लिहिलं ते मी छापून तालमीच्या खोलीत लावणार आहे. आमचा ड्रमर चांगला आहे, पण ऑर्केस्ट्रातला आहे, प्रत्येक चौथ्या बारला रोल मारतो. आधी ऐकत बसवायचं हे पटलं.

@धरमपेठ_रेकॉर्ड्स ताई, खरखरीबद्दल अगदी बरोबर. वरातीत डीजेच्या गाडीसमोर वाजवताना दुसरा इलाज नसतो, पण स्टुडिओत माइक आहे. हळू वाजवलेला टेनॉर फार कमी लोकांनी ऐकला आहे. पहिला तुकडा मी त्याच आवाजात सुरू करणार.

@सावनेर_फास्ट, लांबीबद्दल मी ऐकणार नाही. तीन मिनिटांत अफ्रोबीट कापला की उरतो फक्त रिफ. कान त्या ओळीत शिरायलाच दोन-तीन मिनिटं लागतात, आणि ते शिरणं हाच तर अनुभव. एक तुकडा साडेतीन मिनिटांचा वेगळा लिहिला आहे, शुद्ध सोल, तो आधी सोडू. पण लांब तुकड्याला कात्री लागणार नाही.

इंदोरा_चौक

मला वेगळं बोलायचं आहे. रागाने नाही, आपुलकीने.

भाऊ, तुम्ही फेलाचा टेनॉर सांगितला, रेकॉर्डची बाजू सांगितली. त्याच्या घरावर काय झालं ते राहिलं. सैनिक हुकूम ऐकणाऱ्या पुतळ्यांसारखे वागतात अशा आशयाचं गाणं त्याने केलं. १८ फेब्रुवारी १९७७ ला लष्कराने लागोसमधल्या त्याच्या वस्तीवर हल्ला केला. घर जाळलं. त्याच्या आईला खिडकीतून खाली फेकलं, आणि पुढच्या वर्षी ती गेली. ती आई म्हणजे फुनमिलायो रॅन्सम-कुटी. अबेओकुटाच्या बाजारातल्या बायकांना एकत्र करून त्यांच्यावरच्या कराविरुद्ध तिने १९४० च्या दशकात लढा उभा केला होता. हे संगीत त्या घरातून आलं आहे. नुसता ताल उचलून हॉटेलात जेवताना वाजेल असा अल्बम केलात तर वाईट वाटेल.

आणि यासाठी लागोसला जायचीही गरज नाही. आपल्या शहरात दीक्षाभूमी आहे. आंबेडकरी जलसा आहे. वामनदादा कर्डकांची परंपरा आहे. एकाने ओळ टाकायची आणि मागच्यांनी ती झेलायची, हे मी लहानपणापासून १४ एप्रिलच्या रात्री ऐकत आले आहे. फेलाच्या गाण्यात तो एक ओळ म्हणतो, मागच्या बायका उत्तर देतात. मला ते पहिल्यांदा ऐकताना परकं वाटलंच नाही. तुम्हाला गायक हवा का असं विचारता. एकटा गायक नका घेऊ. कोरस घ्या. चार बायका, वस्तीतल्या, जलशात गाणाऱ्या. आणि त्यांना अर्थ असलेलं काहीतरी म्हणायला द्या.

टेनॉरवाला_नागपूर

ताई, तुमची पोस्ट पुन्हा पुन्हा वाचली. वाद्यसंगीत ठेवू म्हणणारा मीच, पण एका तुकड्यात मला सतत काहीतरी कमी वाटून राहिलं होतं. सॅक्स ओळ टाकतो, ट्रम्पेट उत्तर देतो, आणि ते उत्तर फार सभ्य येतं. तिथं माणसांचा आवाज हवा.

तो तुकडा मी बँडवाल्यांवर लिहिला आहे. वरात थांबली की आम्ही बाहेर उभे, जेवण सगळ्यात शेवटी, तेही मांडवाच्या मागं. डोक्यावर दिवे धरून चालणाऱ्या बायका तर कुणाला दिसतच नाहीत. ते शब्दांत यावं असं आता वाटतं. शब्द मी लिहू शकत नाही. तुमच्या ओळखीत जलशासाठी लिहिणारं कुणी असेल तर मला निरोप करा. मानधन ठरवून देईन आणि गीतकार म्हणून नाव राहील.

इंदोरा_चौक

निरोप पाठवला आहे. दोघी आहेत, एक लिहिते आणि गाते, दुसरी ढोलकीही वाजवते. दिवे धरणाऱ्या बायकांवर लिहायचं म्हटल्यावर लगेच हो म्हणाल्या.

रेकॉर्डिंगवाला_लक्ष्मीनगर

ध्वनिमुद्रणाचं बोलतो, कारण तारखा ठरवण्याआधी हे कळलेलं बरं.

एप्रिल-मेमध्ये करू नका. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि कूलर चालू ठेवून रेकॉर्डिंग होत नाही. कूलर बंद केला की खोली तापते, हवा तापली की फुंकवाद्याचा स्वर चढतो. दर अंशाला साधारण तीन सेंट धरा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). तोंडच्या वाफेने नळीतली हवा आधीच गरम असते म्हणून प्रत्यक्षात फरक थोडा कमी पडतो, पण की-बोर्ड जागचा हलत नाही आणि गिटारच्या तारा उलट उतरतात. सकाळचा टेक आणि दुपारचा टेक जुळत नाही. कोरड्या हवेत रीड वाकडी होते ते वेगळंच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

दुसरं, माइक घंटेच्या, म्हणजे सॅक्सच्या पुढच्या रुंद तोंडाच्या, आत खुपसू नका. स्टेजवर ते चालतं. सॅक्सचा आवाज सगळ्या भोकांतून येतो, घंटेतून फक्त खालचे स्वर पूर्ण येतात. हातभर लांब, घंटा आणि डाव्या हाताच्या कळा यांच्या मधोमध रोख.

तिसरं, बेस, गिटार, ड्रम, काड्या एका खोलीत एकत्र वाजवा. एकेक करून थर चढवू नका. आवाज एकमेकांच्या माइकमध्ये थोडा सांडेल, सांडू द्या. हॉर्न नंतर घेतले तरी तिघे एकाच माइकभोवती उभे राहून घ्या.

पट्टी कोणती ठेवली आहे?

टेनॉरवाला_नागपूर

बरेचसे तुकडे काळी पाचमध्ये, म्हणजे बी फ्लॅट. टेनॉरचा सा तिथंच आहे, ट्रम्पेटलाही सोपं. गिटारवाला कुरकुर करतो, त्याला ई हवा. ई घेतला तर टेनॉरवर सगळे शार्प येतात. बोटं जातात, पण आवाजाचा मोकळेपणा जातो. एक तुकडा त्याच्यासाठी ई मायनरमध्ये ठेवला आहे.

कायद्याचं_बोलू

थोडक्यात. १९७८ चं 'बेकर स्ट्रीट' आठवा. जग त्यातला सॅक्स गुणगुणतं, तो वाजवला राफाएल रॅव्हनस्क्रॉफ्टने, पण रचनाकार म्हणून नाव एकट्या जेरी रॅफर्टीचं. यावेळी रचना तुमच्या आहेत, तर रचनाकार म्हणून आयपीआरएसचं (संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सदस्यत्व घ्या आणि प्रत्येक तुकडा नोंदवा. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर संगीतकार आणि गीतकाराचा रॉयल्टीचा हक्क सहजासहजी लिहून घेता येत नाही. प्रत्येक ट्रॅकला आयएसआरसी, म्हणजे रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक, घ्या. साथीदारांशी, आणि कोरसच्या ताईंशीसुद्धा, एक पानाचा करार मराठीतच करा. कुणाला किती आणि कशाचे, हे आधी लिहिलं की मैत्री टिकते.

निवृत्त_बँडवाला_कामठी

बेटा, मी फौजेच्या बँडमध्ये नोकरी केली. क्लॅरिनेटपासून सुरू केलं आणि शेवटची बरीच वर्षं बॅरिटोन सॅक्स. सगळं वाचलं. एक विचारतो. तुझ्या हॉर्न सेक्शनमध्ये टेनॉर आहे, ट्रम्पेट आहे. खाली कोण आहे?

फेलाच्या बँडमध्ये बॅरिटोन होता, लेकान ॲनिमाशॉन, आणि पुढे बँडचा म्होरक्याही तोच. वरचे हॉर्न कितीही चांगले असले तरी खाली बॅरिटोन नसेल तर ते वाक्य हवेत राहतं. की-बोर्डवर बॅरिटोनचा आवाज काढू नको. श्वास ऐकू येत नाही त्यात. आमच्याकडे परेडला बॅरिटोन म्हणजे पाय ठेवायची जमीन होती. पोरं त्याच्यावर चालायची.

तुझं जागा ओळखण्याचं म्हणणं वाचून बरं वाटलं. फौजी बँडमध्ये तेच शिकवतात. चाळीस माणसं वाजवतात आणि एकाही माणसाने स्वतःला ऐकवायचं नसतं.

महालचा_ठेका

काका, तुमच्याकडे बॅरिटोन आहे का अजून?

निवृत्त_बँडवाला_कामठी

आहे. स्वतःचा घेतला होता, मेरठचा. पॅड दोन ठिकाणी गळतात, बदलावे लागतील. फुंक आहे अजून. जिना चढताना दम लागतो, वाजवताना नाही.

टेनॉरवाला_नागपूर

काका, मी येतो कामठीला. पॅडचं सामान माझ्याकडे आहे, लाख आणि दिवा घेऊन येतो, आपण बसून बदलू. बॅरिटोनच्या ओळी मी लिहिलेल्याच नाहीत, कारण वाजवणारा शहरात नाही असं धरून चाललो होतो. आता दोन तुकडे पुन्हा लिहितो. ई मायनरचा जो आहे तो तुम्हाला बॅरिटोनच्या नोटेशनमध्ये सी शार्प मायनर पडेल, चालेल का? नाहीतर त्याची पट्टी बदलतो, गिटारवाल्याला मी समजावतो.

बाकी सगळ्यांना: रेकॉर्डिंग डिसेंबरमध्ये ठेवतोय. त्याआधी एकदा सगळं लोकांसमोर वाजवायचं आहे. खुर्च्या बाजूला सारता येतील अशी लहान जागा हवी. बसून ऐकायचं हे संगीत नाही. सुरेश भट सभागृह फार मोठं आणि खुर्च्या पक्क्या. धरमपेठ, लक्ष्मीनगर, इंदोरा भागात अंगण किंवा लहान हॉल कुणाला माहीत असेल तर इथंच सांगा.

निवृत्त_बँडवाला_कामठी

सी शार्प मायनर चालेल. नोटेशन मोठ्या अक्षरात लिही.